राहणाऱ्याचा शब्द

तीन आठवडे मी एकच वाक्य घोकत होते.
चहा गाळताना, शेगडीत कोळसा लोटताना,
रात्री पांघरुणात टॉर्च धरून:
जाक्शी कालग्ला.
सुखानं राहा.
निघणाऱ्यानं म्हणायचं असतं हे, मागे उरणाऱ्यांना.
घरमालकीण बुरुलचा माझे उच्चार तपासायची
कणीक दाबून बघावी तशी,
आणि मान हलवायची. अजून कच्चंच.

नारिनपासून दोन तास वर, गावात एकच शाळा.
माझं विमान दहा जूनला.
शाळा पंचवीस मेला संपते हे मला ठाऊक होतं.
मेंढ्यांच्या वेळापत्रकाबद्दल कुणी बोललंच नव्हतं.

पहिला गेला मधल्या बाकावरचा तोलोगोन.
हजेरीत त्याचं नाव घेतलं
तर वर्ग एकसुरात म्हणाला, "जाइलो!"
म्हणजे वरचं कुरण. आजोबा, दोनशे मेंढ्या, एक तंबू,
आता थेट सप्टेंबरात.
त्याच्या नावापुढे काय लिहावं कळेना.
मी एक छोटा डोंगर काढला.

मग जिर्गाल.
मग ती जुळी, ज्यांच्यात मी मार्चपर्यंत गोंधळत होते
आणि त्यांनी मला खुशाल गोंधळू दिलं होतं.
वही भरत चालली,
डोंगरापुढे डोंगर.

शेवटच्या घंटेच्या दिवशी
अकरावीतल्या एका धिप्पाड मुलानं
पहिलीतली पोर खांद्यावर घेतली.
ती पितळी घंटा बडवत अंगणभर फिरली.
पांढऱ्या फिती, आयांचे रुमाल,
मुख्याध्यापकांचं भाषण, ज्यातलं मला
फक्त माझं नाव कळलं, तेही चुकीचं.
माझं भाषण खिशात होतं. तिथेच राहिलं.
माझ्या वर्गातली सहा जणं उभी होती
आणि सहाही फाटकाबाहेरच्या ट्रककडे बघत होती.

उल्कान धावत आली.
हीच ती, जिच्या इंग्रजीत आई नेहमी 'ही'
आणि घोडा नेहमी 'शी'.
तिच्या भाषेत बाई-पुरुष एकाच सर्वनामात राहतात,
आणि माझ्या मराठी कानाला
'आई ही' यातली चूक सापडायला वेळच लागायचा.
तिनं माझ्या हातात पुडी कोंबली,
मीच तपासलेल्या गृहपाठाच्या कागदात
खारवलेल्या दह्याचे सुके गोळे, दगडासारखे.
आणि म्हणाली,
"जाक्शी कालंगिज, एजे."

माझं वाक्य. माझ्याआधी. अस्खलित.

मी घाईघाईत तेच परत म्हणाले.
ती थांबली. बोट हलवलं तिनं,
ते बोटही माझंच, वर्गातून उचललेलं.
"नाही, एजे. मी जाते. तुम्ही राहता.
राहणाऱ्यानं म्हणायचं, जाक्शी बार. म्हणा."
म्हटलं.
"पुन्हा."

मी तिला सांगितलं,
आमच्याकडे जाणारी बाईसुद्धा 'येते' म्हणते.
तिच्या कपाळावर आठी पडली.
"म्हणजे तुम्ही येता?"
मी बोटांवरचा खडू झटकला.
त्या दिवशी बोटांना खडू नव्हता.

ट्रकवर लोखंडी पलंग, चूल, नुकतं झालेलं वासरू,
नमद्यांच्या गुंडाळीवर आजी,
आणि आजीच्या वर उल्कान.
वळणापर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.
बहुतेक वासराला धरून बसली होती.

नंतरचे दिवस मी नऊला वर्ग उघडायचे.
फळ्यावर तारीख घालायचे.
दह्याचा एक गोळा गालात धरून
तो विरघळेपर्यंत बसून राहायचे,
त्याला साधारण एक तास लागायचा.

दहा जूनला पहाटे टॅक्सी आली
तेव्हा बुरुलचा गोठ्यात धार काढत होती.
मी दारातून म्हटलं, जाक्शी कालंगिज.
तिनं मान हलवली.
कच्चं म्हणून, की आणखी कशासाठी,
ते मी विचारलं नाही.