वहीत नसलेला रकाना

केर्त्तू आलातालो औषधं पोचवते,
केमियार्वीहून साल्लाला, आठवड्यातून चारदा.
मधे रस्त्यात रेनडिअर उभी असतात,
त्यांना हॉर्न कळतो, घाई कळत नाही.

तिच्या गाडीच्या कप्प्यात निळी वही आहे.
दर टाकीचे लिटर, दर टाकीचे किलोमीटर,
आणि पेन्सिलीने मांडलेला भागाकार,
हातचा कोपऱ्यात, शाळेत लिहायचो तसा.

सप्टेंबरात मी तिच्या इंजिनात
सिंथेटिक तेल ओतलं.
मध संपल्यावर बरणी विसळावी
तितकं पातळ, तितकंच पिवळं.
डब्यावर बचतीचे टक्के ठळक छापले होते,
खाली एक बारीक ओळ, चष्म्याशिवाय न दिसणारी.
"खरंच वाचेल?"
मी गॅरेजवाला, बाई. तेल बदलतो,
शपथा घेत नाही.

ऑक्टोबर संपता संपता ती वही नाचवत आली.
शंभर किलोमीटरला पाच पूर्णांक नऊ होतं,
आता पाच पूर्णांक आठ!

मी विचारलं, वारा कुठून होता?
टायरमधली हवा कधी पाहिलीस?
पंपाची नळी पहिल्या खटक्याला काढलीस,
की गळ्यापर्यंत भरलंस?
ती थोडा वेळ नखानं वहीचा कोपरा दुमडत राहिली.
मग म्हणाली, "खरं सांगू,
वही धरल्यापासून
माझा पायच हलका पडतो."

म्हणजे तो एक दशांश
तेलाचा, वाऱ्याचा, की उजव्या पायाचा?
भागाकाराला बाकी उरते,
बाकीला नाव नसतं.

जानेवारीत एका रात्री वीज गेली.
इंजिनाला ऊब देणारे सगळे हीटर गार.
सकाळी उणे छत्तीस.
शेजारच्या एन्सिओची गाडी, पोटात जुनं दाट तेल,
दोनदा कण्हली आणि गप्प झाली.
केर्त्तूची दुसऱ्या फेरीला लागली.
इन्सुलिनचा डबा
नऊ वीसला साल्लात पोचला.

हे तिनं कुठे लिहिलं नाही.
वहीत त्याला रकानाच नव्हता.

महिनाअखेरीस मात्र आली, तोंड पाडून,
हातमोजा दातांनी ओढून काढत.
वही माझ्या बाकावर आपटली:
सहा पूर्णांक सात.

"रेइयो," म्हणाली,
"तुझं तेल काही कामाचं नाही."