झालं तर

सेरोंगाच्या शाळेत, बाकं भिंतीकडे सारून
ओनालेथाताने जमिनीवर चार नकाशे अंथरले:
पंचवीस वर्षांनंतरची आमची नदी, चार तऱ्हांची.
मी दुभाषी. रोजाचे पैसे, दुपारचं जेवण.

‘सिनॅरिओ’ म्हणाली ती, आणि माझ्याकडे बघत थांबली.
आमच्या बोलीत या शब्दाला बसायला जागा नाही.
मी म्हटलं, ‘झालं तर.’
हे पहिलं झालं-तर, हे दुसरं झालं-तर…
म्हातारी माणसं हसली;
आया पोरांना धाक घालतात तसंच की हे.

पहिल्यात पाणी आजच्याएवढंच.
दुसऱ्यात वर अंगोलात धरण,
पूर वेळापत्रकाने सुटणारा.
तिसऱ्यात ऊन. नुसतं ऊन,
पपायरसचा हिरवा रंग कुणी काटकसरीने वापरावा तसा.
चौथ्यात हॉटेलं, मोटारबोटी,
आणि सेरोंगाचं नाव जरा मोठ्या अक्षरात.

प्रत्येकाच्या हातात चवळीचा एक दाणा.
‘होईल असं वाटतं त्यावर ठेवा.
व्हावंसं वाटतं त्यावर नाही.’
एवढा फरक समजावण्यात माझी अर्धी सकाळ गेली.

मोसेकीची होडी पाहुण्यांना फिरवते;
तो चौथ्यावर ठेवून मोकळा झाला.
मास्तरांनी तिसऱ्यावर ठेवला, उचलला,
पुन्हा तिथेच ठेवला, मान वर न करता.

मग म्मा-तिरेलो उठली.
गुडघे धरत चारही नकाशांना वळसा घातला
आणि दाणा ठेवला उघड्या सिमेंटवर,
कागद संपतो त्याच्याही पलीकडे, वायव्येला.
‘आज दारात येतंय ते पाणी
तिकडे डिसेंबरात पडलं.
तिथल्या बायकांना विचारलंत का,
यंदा रान किती तोडलं, काय पेरलं?
डोकं कापून नदी काढलीय तुम्ही.’

ओनालेथाताने विचारलं, नेमकं काय म्हणाल्या त्या?
मी सांगितलं सगळं.
शेवटचं वाक्य तेवढं गिळलं.
तिने वहीत लिहिलं, खोडलं,
मग बराच वेळ त्या रिकाम्या सिमेंटकडे बघत राहिली.

संध्याकाळी दाणे मोजले. वाटले होते तीस,
भरले एकोणतीस.
म्मा-तिरेलो आपला घेऊन गेली होती.
बियाणं ते, असं फरशीवर कोण टाकून जातं?

परतताना धक्क्यापाशी थांबलो.
खांबावरची कालची खूण बुडाली होती,
वर दोन बोटं पाणी.
सहा आठवडे झाले,
आभाळात एक ढग नाही.