नाकाची मजुरी

एर्सिराबाई आल्या त्या दिवशी पुंता अरेनासात
वारा असा, की गॅरेजचं दार उघडायला दोघं लागलो.
जुनी सुबारू, काचांवर समुद्राचं मीठ.
"सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो," म्हणाल्या.
"शाळेतली पोरं म्हणतात, बाई, तुमच्या पावालाही येतो."

मी मागे जाऊन वाकलो,
डोळे मिटून हुंगल्यासारखं केलं,
मान हलवली. हो, येतो.

खोटं.
तीन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे चेहऱ्यावर आहे, चष्मा टेकायला.
पूर्वी गाडी वळणावर असतानाच सांगायचो:
गोडसर म्हणजे कूलंट गळतंय,
सडकी अंडी म्हणजे कन्व्हर्टरची घरघर लागली.
नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ असतात,
मी, क्लोदोमिरो, नाकाने इंजिनं सोलायचो.

आता सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी.
या इंजिनाचे प्लग कुशीत दडलेले असतात,
काढताना सालपटं निघतात ती आपली.
चारही काळेकुट्ट, चुलीतून उपसल्यासारखे.
एकच काळा असता तर त्याचा इंजेक्टर धरला असता.
चारही म्हणजे दुखणं वरचं, सामाईक.

तापमानाचा सेन्सर पाहिला. कधी कधी तो
इंजिन रसरसलं तरी थंडीच सांगत बसतो
आणि त्याच्यावर विश्वास ठेवून
कॉम्प्युटर पेट्रोल पाजत राहतो, पाजत राहतो.
पण हा खरं बोलत होता.
डिपस्टिक ओढली. तेल खुणेच्या वर, आणि इतकं पातळ
की बोटावर ठरेना.
पेट्रोल तिथवर उतरलं होतं.

उरला प्रेशर रेग्युलेटर.
त्याच्या डोक्यावर करंगळीएवढी रबरी नळी.
ती उपसायची आणि हुंगायची.
पेट्रोल आलं तर आतला पडदा फाटलाय.
शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात देतात असलं काम.

नळी उपसली.
आत बोट फिरवलं: कोरडी.
उडून गेलं असेल. किंवा नव्हतंच.
पत्रे वाजत होते.
एर्सिराबाई बघत होत्या,
वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
झाकण न उघडता नासलेलं दूध ओळखणारी बाई.

"जरा हे हुंगता?"

त्यांनी आधी नळीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
मग वाकल्या.
"पेट्रोल. चांगलं सणसणीत."
आणि जरा थांबून,
"मग मघाशी तुम्ही काय हुंगलंत?"

मी रेग्युलेटरचे स्क्रू सोडवायला घेतले.
एक गंजलेला होता, बरं झालं, वेळ गेला.

चौथ्या दिवशी फ्री झोनमधून नवा भाग आला.
तो बसवला, प्लग नवे, तेल नवं, फिल्टरही.
जुना पडदा कापून पाहिला:
नखाएवढी चीर.
एवढ्या चिरेतून महिनाभर
टाकीतला पैसा वाऱ्यावर जात होता.

गाडी सुरू केली. आधी खोकली,
पाइपात साचलेलं जाळत पाच-सात मिनिटं कुरकुरली,
मग एका सुरात लागली.
एर्सिराबाई सायलेन्सरमागे गेल्या,
नाकावरचा मफलर खाली ओढला.
मीही शेजारी उभा राहिलो, तळहात धुरात धरून.
हाताला ऊब लागली, थोडी ओल.
मला हे आणि चार दिवसांपूर्वीचं सारखंच.

"काय येतंय?"
"काही नाही. गरम पाणी.
ओल्या लोकरीसारखं किंचित."
मग मी न विचारताच पुढे:
"वाऱ्याला शेवाळाचा वास आहे आज.
आणि आत तुमची कॉफी करपतेय."

धावलो. करपली होती.

बिलावर भाग लिहिले, मजुरी लिहिली,
त्याखाली वजाबाकी: नाक, दोन हजार पेसो.
त्यांनी चष्मा लावून वाचलं,
माझ्या खिशातलं पेन घेतलं,
दोन खोडून तीन केले.