गुडघा

बुधवारी मी हाफ डे टाकतो.
कारण : गुडघ्याचं फिजिओ.
पाणीपुरवठा खात्यात कुणी कुणाच्या गुडघ्यात डोकावत नाही.

जुन्या बाजारात शिरलो की आधी नटबोल्ट बघतो,
मग पितळी कुलपं,
मग एखादा भांडं नसलेला मिक्सर उचलून उगाच भाव विचारतो.
डोळा मात्र ताडपत्रीच्या टोकाला,
पंख्याचा रेग्युलेटर आणि बाहुलीचं धड यांच्या मधोमध
त्या तपकिरी चामडी पाकिटावर.
तोंडाला पाणी सुटतं. म्हणजे खरंच सुटतं, गिळावं लागतं.

अत्तारचाचा हे नाटक तीन वर्षं बघतायत.
"साहेब, मिक्सर ठेवा खाली.
कॅमेरा साडेसातशे."

याआधी मासे होते. ते एकेक करून गेले.
याआधी बासरी : सा लागला, आणि तिथंच राहायला आला.
याआधी बशीएवढा वड; आम्ही आठ दिवस कणकवलीला गेलो
तर समोरच्या ढमढेऱ्यांनी त्याला प्रेमानं बुडवून मारला.
कॅमेऱ्याला खाणं नको, ऊन नको, रियाज नको,
असं मी हेमलताला पटवून दिलं.
तेव्हा एक होता.
आता सतरा आहेत. तिला नऊ माहीत आहेत.
उरलेले माळ्यावर, फराळाच्या डब्यांत,
चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या
'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्यांसोबत.
पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते. मला रात्री जाग येते.

फोटो?
रोल हल्ली साडेनऊशेला, धुवायचे निराळे.
गेल्या वर्षी सतरा जणांत मिळून एक काढला :
पर्वतीच्या पायऱ्या, पर्वतीच्या पायऱ्या,
एक कुत्रं, थोडं हललेलं,
आणि शेवटी माझा अंगठा, फार सुरेख, अगदी फोकसमध्ये.

तर त्या रात्री, सगळे झोपल्यावर,
बनियनवर, जमिनीवर बसून,
अठराव्याचा खटका दाबला.
टिच्च.
साधा पत्र्याचा डबा, पण काय आवाज!
जुन्या कंडक्टरनं तिकिटाला भोक पाडावं तसा.
पुन्हा दाबला. पुन्हा.
मग पाठीमागच्या लाल खिडकीत नजर गेली.
तिथं आकडा होता.
सात.

आत रोल आहे.
कुणीतरी सहा माणसं, किंवा एकाच माणसाला सहा वेळा,
उन्हात उभं करून "हलू नका" म्हणालंय.
सातवा काढलेला की काढायचा, हे डबा सांगत नाही.
काढलेला असेल तर त्या बारशावर, त्या नव्या स्कूटरवर
मी तीनदा सांडलोय,
चाळीस वॅटच्या उजेडात, पोटासकट.

"हा नवा आवाज आहे,"
पलंगावरून हेमलता म्हणाली.
मी गप्प.
"अठरावा ना?"

मी आकडा दाखवला. चष्मा लावून तिनं तो बराच वेळ बघितला,
बाळाचा दात बघावा तसा.
"पाच उरले म्हणजे."
"धुवायला टाकू का?"
"दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं नाही वाटत?"
मग तिनंच चावी फिरवली, सात गेला, आठ आला,
तोंडावर डबा धरला,
आणि मी पोट आत घ्यायच्या आत
टिच्च.

"इतक्या उजेडात काही येणार नाही," मी म्हणालो.
"नको येऊ दे."

पुढचा बुधवार.
दाराशी चपला घालत होतो.
आतून आवाज आला :
"गुडघा कसाय?"
"बरा."
"येताना एक पितळी कुलूप बघ. लहानसं."

आता मंगळवार पेठेत उभा आहे.
हातात तीन कुलपं, तिन्ही किल्ल्यांसकट.
कशाला हवंय, विचारायचं राहिलं.
चाचा म्हणतात, "साहेब, कुलपं ठेवा खाली,
हे बघा काय आलंय."
मी बघत नाही.
बघत नाही.
चामडं काळं आहे.