टाकीखालचा सात नंबर

बारा यंत्रं ठेवली आम्ही नाशिकभर.
एक मेरीच्या आवारात,
एक गंगापूर धरणाच्या भिंतीलगत,
एक मखमलाबादच्या शाळेत, नकाशांच्या कपाटामागे,
जिथे सहावीतली पोरं त्याला बॉम्ब म्हणतात.

प्रत्येकाच्या पोटात एक बारीक स्प्रिंग,
स्प्रिंगला टांगलेला दाण्याएवढा भार,
आणि काम एकच:
जमीन आज किती जोरात ओढतेय, ते सांगायचं.
नऊ पूर्णांक सात आठपर्यंत सगळ्यांचं एकमत.
भांडण होतं ते सातव्या-आठव्या दशांशस्थळी.

पण ही यंत्रं आपापलं बोलत नाहीत.
आकडा जाहीर करण्याआधी शेजारी विचारतात,
तुलाही असंच वाटतंय का?
चंद्र माथ्यावर आला की सगळ्यांनाच हलकं वाटतं.
धरण भरलं की दोघातिघांना काही जाणवतं.
एकट्यालाच काही वाटलं
तर उरलेले अकरा त्याचं वजन कमी करतात.
वजन हा शब्द आमच्या प्रोग्रॅममधला.
भावकीतही याहून वेगळं काही चालत नाही.

सात नंबर पाथर्डी फाट्याला, जलकुंभाच्या बरोबर खाली.
रोज पहाटे तीन चाळीसला
तिथलं गुरुत्व उतरू लागे,
चव्वेचाळीस मायक्रोगल,
आणि सकाळी आठपर्यंत गुपचूप परत जागेवर.
महिन्याभरात बाकीच्यांनी निकाल दिला:
सदोष. वजन शून्य.

मी रात्रीची गेले, स्पिरिट लेव्हल आणि पाने घेऊन.
यंत्र ठीक होतं. बुडबुडा मधोमध.
तीन चाळीसला पुंजाराम तुपलोंढे आले,
कानटोपी, बॅटरी, खांद्यावर हातभर लोखंडी चावी.
व्हॉल्व्हचे सव्वीस आटे त्यांनी तोंडाने मोजले
आणि माझ्या डोक्यावर
पंधरा लाख लिटर पाणी चढायला लागलं.

खालून पृथ्वी ओढते.
वरून, इतकंसं का होईना, पुंजारामांचं पाणी.
मी स्क्रीनवर बघत होते,
पृथ्वी त्या माणसाला हळूहळू चव्वेचाळीस मायक्रोगल देत होती.

"आठरा वर्षं भरतोय," ते म्हणाले, "टिपून ठेवलंय."
वही दाखवली. लाल पुठ्ठा, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल,
तारीख, वेळ, आटे, सही.
मी ती वही नेटवर्कला जोडली.
तेरावा सदस्य.
रोज सकाळी ते फोनवर वेळ सांगायचे,
सात नंबर तीच वेळ सांगायचा,
आणि अकरा जणांनी दोघांनाही पंगतीत घेतलं.

मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
वही म्हणाली, तीन चाळीस.
सात नंबर म्हणाला, सहा पंचवीस.

मी फोन केला नाही.
दुपारी त्यांचाच आला:
लेक बाळंत झाली, सिव्हिलला, अडली होती,
आता बरं आहे, मुलगी आहे.
वहीबद्दल ते काही बोलले नाहीत.
पेढे कुठे देऊ, एवढंच विचारलं.

शेरा लिहायचा रकाना समोर उघडा होता.
मी "कारण अज्ञात" असं टाइप केलं.
आयुष्यात पहिल्यांदा
माहीत असलेल्या गोष्टीपुढे अज्ञात लिहिलं,
आणि बोट थोडा वेळ बटणावरच राहिलं.

नेटवर्कला माझा शेरा वाचता येत नाही.
त्याने रात्रीतून आपला हिशेब केला,
वहीचं वजन एकवरून शून्य पूर्णांक आठवर आणलं.

ते परत एक व्हायला
त्यानंतरच्या एकेचाळीस पहाटा लागल्या.
एकेचाळीस वेळा सव्वीस आटे.
ही गोष्ट मी पुंजारामांना सांगितलेली नाही.
पेढा मात्र खाल्ला,
सात नंबरच्या पेटीवर बसून,
त्या दोन मिनिटांचं मोजमाप आम्ही वगळलं आहे.