उचल

तेरला, तेरणेच्या काठी, चौथ्या खड्ड्यावर
कोंडाबाई दातांच्या ब्रशनं खापऱ्या घासतात,
मी पांढऱ्या शाईनं नंबर टाकते:
थर सहा, मद्यकुंभाचा कान.

‘कान म्हंजी?’
धरायची कडी. यवनांच्या दारूचा घडा,
समुद्रावरून भडोचला, तिथून बैलगाडीनं इथं.
‘आन् हितून काय न्ह्यायचे?’
कापड.
‘म्हंजी आपून इनायचं आन् त्येंचं प्यायचं.’

दुपारी भाकरी सोडली. सरांनी डाळिंबं धाडलेली.
मी सोलत सोलत सांगू लागले:
त्या लोकांची एक देवी होती, डिमीटर,
पिकापाण्याची. येळवशीला रानात
कोपीपुढं आपण जिला जेवू घालतो, तसलीच.
तिची पोर फुलं तोडत होती.
जमीन फाटली, पाताळाचा राजा रथातून वर आला
आणि घेऊन गेला.
आईनं नऊ दिवस मशाली पेटवून रानं धुंडाळली.

‘बाप कुटं हुता?’
बापानंच दिली होती. आईला न विचारता.
कोंडाबाईंनी तुकडा मोडला.
‘मग राजाला कशाला बोल? सोयरीक झाली म्हना.’

हे मी तीन वर्षं शिकले होते.
मुलगी देताना तिकडचा बाप म्हणायचा,
घे, औरस लेकरांच्या नांगरटीसाठी.
वहीत त्याखाली तांबडी रेघ मारलेली,
परीक्षेत दहा मार्कांना आलं होतं.
सोयरीक हा शब्द मला सुचला नव्हता.

मग?
मग आईनं हट्ट धरला. एक दाणा उगवू देईना.
माणसं उपाशी, देवांचे नैवेद्य बंद,
तेव्हा कुठं वरच्यांना जाग आली, पोर सोडली.
पण निघायच्या आधी तिनं तिथं
डाळिंबाचे दाणे खाल्ले होते.
खाल्लं की बांधली गेली.
दर साली काही महिने परत जायचं.

कोंडाबाईंच्या तळहातावर चार दाणे होते.
त्या बघत राहिल्या.
‘उचल,’ म्हणाल्या.
मी ट्रे उचलला.
‘त्ये न्हाई गं. उचल खाल्ली तिनं.’

सोजर, त्यांची थोरली,
दसरा झाल्यावर ट्रॅक्टरात बसून जमखंडीकडं गेली,
नवरा-बायको मिळून एक कोयता,
मुकादमाच्या वहीत दोघांना मिळून एकच ओळ.
पैसे घेतले नवऱ्यानं, दिराच्या लग्नाला.
गेल्या साली फिटले नाहीत, म्हणून औंदा.
औंदा फिटले नाहीत तर.

‘तुमची देवी बरी. पोर गेली की रान वाळवती.
माजी गेली आन् ह्ये बगा.’
बांधापलीकडं ज्वारी हुरड्यात आलेली,
हिरवीगार, निर्लज्ज, पाखरांनी भरलेली.
‘ती येती चैतात. तवा समदं जळल्यालं.
कुनाचं काय अडतंय?’

मी काही बोलले नाही.
वाटलं, त्यांच्या घरातल्या आयांना
दारातली गाडीसुद्धा थांबवता येत नसेल,
म्हणून गोष्टीतल्या आईला त्यांनी
अख्खं पीक थांबवायला दिलं.
असेल. नसेलही.
असल्या गोष्टीचं खापर सापडत नाही.

चारच्या सुमारास त्यांनी फोन लावून पाहिला,
पदरानं काच पुसून पुन्हा लावला.
‘पाताळात टावर नसतोय व्हय?’
आणि त्या हसल्या नाहीत.

कानाखालची माती निघाली तेव्हा
एक अंगठा दिसला, ओल्या मातीत दाबून
कडी चिकटवणाऱ्याचा.
रजिस्टरमध्ये त्याला रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: ठसा, एक.
त्यांचे देव, त्यांची जहाजं, त्यांची दारू,
सगळ्यांना नावं आहेत.

कोंडाबाईंनी आपला अंगठा त्या खळगीत ठेवून पाहिला.
बसला नाही.
‘बारक्या पोराचा हाय,’ म्हणाल्या,
आणि पुढची खापरी घेतली.