हरकती व सूचना

मसुद्याच्या शेवटच्या पानावर छापलंय:
हरकती व सूचना शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत
जिल्हाधिकारी कार्यालयात, आवक खिडकीवर.
आज गुरुवार. रात्रपाळी. काउंटर नंबर दोन.

मी हेमराज खैरनार, मूळचा सटाण्याचा, हल्ली सिडकोत,
मुंबई नाक्याजवळच्या एका इस्पितळात
नऊ वर्षं बिलं काढतो.
विधानसभेत मांडतात तेही बिल
आणि माझ्या प्रिंटरमधून कुरकुरत येतं तेही.
माझं कधी समितीकडे जात नाही.
आवाजी मतदान होत नाही.
ते नुसतंच मंजूर असतं.

कलम दोनमध्ये व्याख्या आहेत.
'रहिवासी' आहे, 'कुटुंब' आहे, 'आकस्मिक सेवा' आहे.
'परवडणारी' नाही.
शब्द मात्र अकरा वेळा आलाय,
पेन्सिलीनं खुणा करून मोजला.

मंगळवारी पुंडलिक तांबट आले होते, पंचवटीतले.
पन्नास वर्षं घागरी ठोकून ठोकून कान गेलेले.
बायकोचं पित्ताशय काढलेलं.
रेशनकार्डावर ती गोदावरी, आधारवर गोदाबाई,
योजनेच्या संगणकाला त्या दोन बायका वाटल्या
आणि त्यानं दोघींनाही नाकारलं.

मी नेहमीसारखा कागद सरकवला.
आमच्याकडे आकडा बोलत नाहीत.
आकड्याखाली बोट ठेवतात
आणि भिंतीवरच्या गणपतीकडे बघतात.
त्यांनी चष्मा आणला नव्हता.
"किती?"
सांगितलं.
हात कानामागे गेला. "किती?"
मग मी ओरडलो:
एक लाख बेचाळीस हजार सहाशे!

औषधाच्या खिडकीपुढची रांग मागे वळली.
बाकावरचं झोपलेलं पोर उठून बसलं.
वॉचमन काचेतून डोकावला, भांडण लागलं की काय.
नऊ वर्षांत पहिल्यांदा
आकडा माझ्या तोंडातून गेला होता.
तोवर तो स्क्रीनचा होता.

तांबटांचा चेहरा उजळला.
"बेचाळीस ना? चाळीस आणलेत.
वरचं सून घेऊन येतेय."
आणि पिशवीची गाठ सोडायला लागले.

दुसऱ्यांदा ओरडायला घसा उघडेना.
रांगेतल्या एका अनोळखी बाईनं
त्यांचा हात धरला, हातोडीनं घट्टे पडलेला,
आणि तळव्यावर बोटानं
आधी एक काढला,
मग शून्यं. सावकाश. पाच.

त्यांनी मूठ मिटली.
पिशवीची गाठ परत मारली, अगदी नीट,
पहिली होती तशीच.

तर माझी सूचना.
लासलगावला कांद्याचा भाव पुकारतात.
ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी,
चार माणसांत, खुल्या आवाजात.
कमी पुकारला तर शिव्या बसतात,
पण पुकारतात.
माणसाचाही पुकारावा.
भरती करण्याआधी, तोंडानं,
बहिऱ्याला ऐकू जाईल असा.
आणि सांगणाऱ्याची जीभ सांगताना अडखळली
तर तो दर परवडणारा नाही असे समजावे.
ही झाली व्याख्या.
कायद्याच्या भाषेत तुम्ही बसवून घ्या,
मला 'सबब' आणि 'तद्नुसार' एवढंच येतं.

एक हरकतही आहे.
ती माझ्यावरच आहे, पण खाली रकाना आहे म्हणून लिहितो.
गोदाबाई अजून तिसऱ्या मजल्यावरच आहेत.
टाके सुकलेत. डॉक्टरांनी परवाच सही केली.
तो कागद माझ्या ट्रेमध्ये आहे, स्टेपल करून,
आणि रोज बाराच्या ठोक्याला
खाटेचं भाडं एक दिवसानं पुढे सरकतं.
आपोआप नाही. मी सरकवतो.
एक बटण आहे.

अर्जाखाली नाव, पत्ता, हुद्दा लिहायचाय.
घड्याळात दोन मिनिटं कमी आहेत.
खाट सतरा.
नाव लिहिलंय. पत्ता लिहिलाय.
हुद्द्यापाशी पेन थांबलंय,
आणि दुसरा हात
कीबोर्डवर आहे.